तळच्यांचे हात

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, बाजारात भाजी घेताना डोळे मिटायचे. टोमॅटो हातात घेऊन अंगठ्यानं हळूच चाचपायचे. भाजीवाली म्हणायची, "अहो, बघा तरी, रंग बघा की." दाजींना रंगाचं काही पडलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं गोदीत पाणबुड्याचं काम केलेला माणूस तो. आमच्या गोदीच्या पाण्यात दोन हात खाली गेलं की स्वतःचा तळवा नाकाला टेकवला तरी दिसत नाही. जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर, तळाशी रुतलेला नांगर, जहाजाच्या पत्र्याला गेलेली चीर, सगळं तिथे बोटांनीच बघायचं. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून ते म्हणाले होते, "इथं तडा गेला होता. भरलाय चांगला." आईला वाटलं, मुलगा सुतार आहे.

पाण्याच्या दाबानं त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा मर्जीप्रमाणे चालायचा. त्यामुळे ते ओरडून बोलत आणि आमच्या घरातली गुपितं आधी शेजारच्या तीन घरांना कळत. गोदीत त्यांना सगळे बेडूक म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण ऐकू जायचं नाही.

मी त्यांची दोरी धरायचो. पाणबुड्या खाली जातो तेव्हा त्याच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक वर एका माणसाच्या हातात असतं. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. दोरी हातात असताना बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. एकोणीस वर्षं मी ते केलं. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. माझ्या जिभेला हाड नाही असं ताई म्हणते, आणि ते खरं आहे. मला खोटं सहन होत नाही. खोट्याच्या कपाळी गोटा, असं लहानपणी शिकवलं होतं आणि ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

बुडालेली माणसं वर काढणं हेही दाजींच्याच कामात यायचं. महिन्यातून एखादं, कधी तीन. त्यात त्यांची एक रीत होती. मयताला वर आणण्याआधी खालीच, त्या अंधारात, ते त्याच्या दोन्ही हातांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळायचे. पंजा पुरा झाकायचे आणि मनगटाशी गाठ मारायचे. विचारलं तर सांगायचे, हात ताठरलेले असतात, शिडीत अडकतात. शिडीत हात अडकतात हे खरंच आहे. पण त्यासाठी मनगटं एकत्र बांधली की पुरतं, बोटं झाकावी लागत नाहीत. बोटं ते का झाकायचे ते मला आणि ताईला ठाऊक होतं. बुडणारा माणूस शेवटी जे हाताला लागेल ते ओरबाडतो. नखं जागेवर राहत नाहीत. ते घरच्यांनी बघू नये एवढंच दाजींचं म्हणणं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणायची आणि त्यांच्या पिशवीत पट्ट्यांची घडी ठेवायची.

तळचे त्या पट्ट्यांतूनच जन्मले.

एका बोटीवरचा म्हातारा आचारी धक्क्यावरून घसरून पडला होता. त्याला वर घेतलं तेव्हा त्याची सात-आठ वर्षांची नात गर्दीतून पुढे आली. तिनं विचारलं, "आजोबांच्या हाताला फडकं कुणी बांधलं?" दाजींना ऐकू गेलं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्यांदा. सगळी माणसं वळून बघायला लागली. दाजी अंगावरची शिशाची वजनं उतरवत होते. ते गोंधळले आणि म्हणाले, "तळच्यांनी."

"तळचे कोण?"

"तळाशी राहतात ते. कुणी वरून आलं की त्याचे हात बांधतात, गार पडू नयेत म्हणून."

पोरीनं मान हलवली. तिला पटलं. मी दोरी गुंडाळत होतो आणि मनात म्हणालो, बेडकाला आता पंख फुटले.

दुसऱ्या दिवशी ती पोर पुन्हा धक्क्यावर हजर. तळच्यांना डोळे असतात का? नखं असतात का? आई असते का? दाजी उत्तरं देत गेले आणि घरी येऊन एका जुन्या वहीत ती लिहून ठेवायला लागले. खोटं बोलणाऱ्याला आठवण चांगली लागते आणि दाजींची आठवण बेताचीच होती. पोरीला काल एक आणि आज दुसरं सांगितलं असं होऊ नये, ही त्यांची काळजी. पुढे दुसऱ्या घरचं कुणी बुडालं, त्यांनीही पट्ट्यांचं विचारलं. गोदीतली माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात. मग त्यांनाही तेच सांगणं भाग पडलं. असं करत करत आठ वर्षांत ती वही भरली.

मी ती वाचली आहे. हसायला म्हणून घेतली होती, पण हसू फारसं आलं नाही. दाजींनी तळच्यांना डोळे दिले नव्हते, कारण तिथं डोळ्यांचा उपयोग काय. कान दिले नव्हते, बहुधा स्वतःला नव्हते म्हणून. हात मात्र दिले होते, लांब, सहा बोटांचे, मऊ, बिननखांचे. तळचे एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत, तळव्यांनी ओळखतात. सगळ्या तळावरून त्यांची एक दोरी गेलेली असते आणि प्रत्येकाचा एक हात कायम तिच्यावर असतो. बोलायचं ते झटक्यांनी. एक झटका म्हणजे 'आहे'. त्यांच्यात 'ये' असा शब्द नाही, कारण दोरी सोडून कुणी कुठं गेलेलंच नसतं. कुणाचं वय किती ते पाठीवर किती कालवं धरली आहेत त्यावरून कळतं. त्यांना दार ठाऊक नाही. बुडालेल्या बोटींत ते राहतात, पण दारातून जायचं असतं हे त्यांना कधी सुचलेलं नाही. फुटलेल्या जागेतून आत जातात आणि दारं चाचपून बघतात, ही कसली भिंत हलते म्हणून.

"आणि मरतात कसे?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"दोरी सुटली की मरतात," दाजी म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना स्वतः चहा करून दिला. कौतुक कळतं मला, कितीही आडून केलं तरी.

पण आणखी एक प्रश्न मीच विचारला होता, आणि तो विचारला नसता तर बरं झालं असतं. म्हटलं, "एवढे हुशार तुमचे तळचे, तर बुडणाऱ्याला वर ढकलत का नाहीत?" दोन दिवसांनी दाजींनी वहीत लिहिलं: तळच्यांना हवा म्हणजे काय ते माहीत नाही. वरून कुणी आलं की त्यांना वाटतं, पाहुणा आला. पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून ते त्याचा हात धरून बसतात. शेवटपर्यंत सोडत नाहीत.

ताईनं ते वाचलं आणि डोळे पुसले. मला मात्र ते फार गोड वाटलं, म्हणजे खोटं वाटलं. पण त्यात काय दडलं आहे ते आम्हा तिघांतल्या एकालाही दिसलं नाही.

गोदीच्या मागच्या रस्त्यावर एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. खलाशांचे कपडे, बोटींवरच्या गाद्यांच्या खोळी, ताडपत्रीची झाकणं असलं जाड काम त्यांच्याकडे असायचं. मशीन खिडकीपाशी, भिंतीला खुंट्यांवर कागदी मापं, टेबलावर कात्र्या. मावशींचा कान धारदार आणि जीभ त्याहून धारदार. माझ्या शर्टाची बाही उसवली तर म्हणायच्या, "तोंड शिवायचं असेल तर तेही घेऊन ये." नवरा कधीच वारला होता. एकुलता मुलगा एका टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर, इंजिनाला तेल द्यायच्या कामाला होता. ताई त्यांच्याकडून चिंध्यांचं गाठोडं आणायची, पायपुसणी करायला.

एका दुपारी मोठं जहाज ओढताना दोर आडवा आला आणि तो टग उलटला. वरचे चौघे उड्या मारून वाचले. मुलगा खाली इंजिनाच्या खोलीत होता.

जहाज हलवून आम्हाला पाण्यात उतरू देईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. टग कुशीवर पडला होता, धक्क्याच्या भिंतीला लागूनच. इंजिनाच्या खोलीचं दार बाहेर उघडणारं, आणि बाहेर गाळ. दाजींनी वरचं झाकण कापलं आणि ते आत उतरले. दोरी माझ्या हातात होती. बराच वेळ एकही झटका आला नाही. नियमाप्रमाणे मी एक झटका दिला. उत्तर आलं, एक. ठीक आहे. पण ते नेहमीसारखं नव्हतं. त्या दोरीवर एकोणीस वर्षं घालवल्यावर एवढं कळतं.

वर आल्यावर दाजी पायरीवर बसले आणि मला म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले, "कोपऱ्यात हवा राहिली होती रे. दाराचा रंग सगळा खरवडलेला आहे." मी इकडेतिकडे बघितलं. सुदैवानं जवळ कुणी नव्हतं. मुलाच्या दोन्ही हातांना पट्ट्या नीट बांधलेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मावशींनी निरोप पाठवला. आम्ही दोघं गेलो. त्या मशीनपाशी बसल्या होत्या, मशीन बंद. इस्पितळातून मुलाच्या वस्तू मिळाल्या होत्या. पट्टा, शर्ट आणि त्या पट्ट्या. तळच्यांबद्दल त्यांनी ऐकलं होतं, कुणी नाही ऐकलं? पण त्यांना ते दाजींच्या तोंडून हवं होतं. दाजी सांगायला लागले. मऊ हात, पाहुणा, एकटं वाटू नये म्हणून. शेवटी मावशींनी विचारलं, "धरून बसतात?"

"हो."

"तो जिवंत असताना? की नंतर?"

दाजींना वाटलं, जिवंत असताना म्हटलं तर तिला बरं वाटेल. "जिवंत असतानाच. शेवटपर्यंत."

"आणि सोडत नाहीत."

"नाही सोडत," दाजी म्हणाले.

मावशींनी मान हलवली. ती आचाऱ्याची नात हलवायची तशीच. आम्ही निघालो. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "बरं वाटलं बिचारीला." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं सारखेच मूर्ख.

टग वर काढायचं काम मग दाजींकडेच आलं. त्यासाठी त्याच्या पोटाखालून जाड पट्टे घालावे लागतात, आणि पट्टे घालायला गाळातून भुयार करावं लागतं. थोडं पाण्याच्या फवाऱ्यानं होतं, पण पत्र्याजवळचं हातानंच. रोज सकाळी, भरतीच्या आधी पाणी थांबलेलं असतं तेवढ्या वेळात दाजी खाली जाऊन गाळ उपसायचे.

कामाच्या चौथ्या दिवशी ते वर आले तेव्हा अंगठा कापलेला होता. पाचव्या दिवशी तळहात. "काचा आहेत," म्हणाले, "परवा नव्हत्या." गोदीच्या तळाला काय नसतं, म्हणून मी फारसा विचार केला नाही. सहाव्या दिवशी दुपारी काही तरी विसरलं म्हणून मी धक्क्यावर परत गेलो, तर भिंतीच्या कडेला मावशी उभ्या. हातात गोणपाटाची पिशवी. बरोबर टगच्या वर उभं राहून त्यांनी ती उलटी केली. फुटक्या बाटल्या, पात्याचे तुकडे, मशीनच्या मोडक्या सुया. मग वाकून पाण्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "धरा. आता धरा."

पहारेकरी लांबून बघत होता. त्याला वाटत होतं, मुलाची आई आहे, काही तरी वाहते आहे.

मी धावत घरी गेलो आणि दाजींच्या चांगल्या कानात सगळं सांगितलं. ते जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"तिला वाटतं, त्यांनीच धरून ठेवला त्याला," मी म्हणालो. "तुमच्या तळच्यांनी. हात सोडला असता तर तो वर आला असता असं तिला वाटतं."

दाजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तसं निघतं खरं त्यातून."

"मग जाऊन सांगा. नाहीतर मी पहारेकऱ्याला सांगतो, तिला धक्क्यावर येऊ देऊ नकोस म्हणून."

"काय सांगायचं? दाराचं सांगायचं?" आणि मग, "तिला रागवायला तेवढीच जागा आहे. तीही बंद केली तर ती जाणार कुठं?"

"आणि तुमचे हात?"

"तू दोरी धर," दाजी म्हणाले. हे ते फार क्वचित म्हणत. म्हणाले की विषय संपला.

मी त्यांना जाड हातमोजे आणून दिले. एक दिवस घातले आणि काढून टाकले. "हे घातलं की मी आंधळा," म्हणाले. रोज सकाळी ते उघड्या हातांनी त्या काचांत उतरत होते आणि रोज दुपारी ती बाई नव्या काचा टाकत होती. मी वर दोरी धरून उभा. लोकांना दाजींनी सांगितलं, तारेनं कापलं. ताई रोज औषध लावायची आणि रोज भांडायची. गोदीचं पाणी म्हणजे अख्ख्या शहराची घाण. दहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला आणि त्यांनी तीन झटके दिले. एकोणीस वर्षांत काम अर्धवट टाकून तीन झटके त्यांनी पहिल्यांदाच दिले.

इस्पितळात उजव्या हाताची मधली तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली. डाव्या हाताचीही दोन बोटं वाकत नव्हती आणि त्यांना काही जाणवतही नव्हतं. शुद्धीवर आल्यावर दाजींनी डावा हात चादरीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो पांघरुणाखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. चादर जाड की पातळ, ते त्यांना कळलं नव्हतं.

मी तिथून उठलो तो थेट मावशींच्या खोलीवर. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. त्या खोळ शिवत होत्या.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तळचे बिळचे कुणी नाहीत. दाजींनी ते रचलं. तुम्ही काचा टाकता त्या त्यांच्या हातात गेल्या आणि आज त्यांची बोटं गेली.

मावशींनी मशीन थांबवलं. "पाणबुड्यांना हातमोजे असतात," त्या म्हणाल्या.

"ते घालत नाहीत."

मग म्हणाल्या, "खोटं बोलतोस तू. तळचे नाहीत तर माझ्या मुलाचे हात कुणी बांधले?"

"त्या पट्ट्या काढा," मी म्हणालो. "बघा, कुठल्या कापडाच्या आहेत."

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. पट्ट्या धुतलेल्या नव्हत्या, तेलाचे डाग तसेच होते. त्यांनी एक पट्टी टेबलावर सरळ केली. निळ्या रेघांचं गादीचं कापड. काठाला बारीक दाते, उसवू नये म्हणून दातेरी कात्रीनं कापतात तसे. ती कात्री त्यांच्या उजव्या हाताशीच पडलेली होती. समोर अर्धी शिवलेली खोळही त्याच रेघांची. त्यांनी पट्टीच्या काठावरून बोट नेलं आणि मग खोळीच्या काठावरून.

"तुमच्याच चिंध्या," मी म्हणालो. "ताई गाठोडं नेते, त्यातल्या."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, "झाकायचे होते म्हणजे काय झालं होतं हातांना?" आणि मी तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, दार कुठल्या बाजूला उघडायचं. सांगितलं. शेवटी विचारलं, "किती वेळ?"

"दाराचा सगळा रंग निघाला होता," मी म्हणालो. "म्हणजे बराच वेळ."

आयुष्यात मी बरंच खरं बोललो आहे. पण त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. ते मी गिळायला हवं होतं. त्यानं दाजींचं एक बोटही परत येणार नव्हतं. मी ते तिच्यासाठी बोललो नव्हतो, इस्पितळातला माझा राग कुठं तरी ओकायचा होता, म्हणून बोललो होतो. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी पट्टीची घडी घातली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग मला म्हणाल्या, "जा आता."

काचा बंद झाल्या. आठवड्यानं मी त्या रस्त्यानं गेलो तर मावशींच्या खोलीला दार नव्हतं. बिजागऱ्यांतून काढून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेलं. येणारेजाणारे आत बघत होते आणि मावशी आत मशीन चालवत होत्या. पावसापाण्याचं काय, चोराचिलटाचं काय, असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाल्या, "मला दार चालत नाही."

मी हे दाजींना सांगितलं. सांगावंच लागलं, त्यासाठी आधी मी काय केलं होतं तेही. मला वाटलं, ते शिव्या देतील, उठून जातील. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, उजव्यावर अजून पट्टी. ते म्हणाले, "तुझं काय चुकलं? मी तळच्यांना हात द्यायला नको होते."

त्यानंतर त्यांनी वही उघडली नाही. पण वही मिटली म्हणून गोष्ट मिटत नाही. मावशी कडेला उभ्या राहून काय म्हणत होत्या ते पहारेकऱ्यानं पुढे एकदा जवळ जाऊन ऐकलं होतं आणि ते गोदीभर झालं. तळचे धरून ठेवतात. खलाशी बोटीच्या कडेला बसून पाय सोडेनात. आचाऱ्याची नात आता मोठी झाली होती, तिनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "आजोबांना त्यांनीच नेलं का?" मी नाही म्हणालो. पण तिला पटलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं तितक्याच लवकर नरकही गाठतात.

दाजींच्या जागी तरुण पाणबुड्या आला. चांगला होता कामाला, मोठे दिवे घेऊन उतरायचा. त्याची दोरीही मीच धरायला लागलो. टग निघाला, भंगारात गेला. पाच महिन्यांनी एक हमाल मालाच्या फळीवरून पाण्यात पडला. तरुण पाणबुड्यानं त्याला वर आणलं, मनगटं नियमाप्रमाणे एकत्र बांधलेली, बोटं उघडी. धक्क्याच्या भिंतीला शेवाळ असतं आणि त्याखाली धारदार शिंपले. त्या बोटांकडे बघवत नव्हतं.

हमालाचा म्हातारा बाप गर्दीतून येत होता. त्याला दोघांनी धरलं होतं. माझ्याजवळ पट्ट्या नव्हत्या. मी स्वतःच्या शर्टाचं टोक फाडायला ओढत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात निळ्या रेघांची घडी ठेवली. मावशी. त्या खाली बसल्या, एक हात त्यांनी घेतला, एक मी. म्हातारा पोचला तेव्हा माझी गाठ झाली होती, त्यांची व्हायची होती.

म्हातारा बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे त्यांनी केलं का? ते खालचे म्हणतात, त्यांनी?"

मी पाण्याकडे बघितलं. खरं बोलायची माझी हौस केव्हाच फिटली होती आणि खोटं कसं बोलतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"हो बाबा," मावशी म्हणाल्या. "ते बांधतात. सैल झालं होतं, मी आवळते आहे."

"त्यांनी धरून तर नाही ना ठेवलं माझ्या पोराला?"

मावशींचे हात थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

"नाही बाबा," त्या म्हणाल्या. "ते कसे धरतील? त्यांना हातच नसतात."

"मग बांधतात कशानं?"

"दातांनी," मावशी म्हणाल्या. आणि आयुष्यभर धागा तोडायला वाकत आल्या तशा त्या वाकल्या, पट्टीचं टोक दातांत धरलं आणि गाठ आवळली.

मी घरी गेलो. दाजी खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "मावशींनी तळच्यांचे हात काढून टाकले."

त्यांनी मान वळवली, कान आणखी जवळ आणला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.